वाचकांचे प्रश्न : कंपायलरचे फ्लॅग आपल्या हाती घेताना

लिनक्सवर सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित कोडपासून, पॅकेज कसे बांधावे याविषयी गेल्या अंकात लिहिले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : कंपायलरला (सोर्सचे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) द्यावयाचे पर्याय, ज्यांना आपण सारे फ्लॅग म्हणतो, ते स्वतः कसे ठरवावेत? म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. फ्लॅग, चल आणि फाइली यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर टंकताना ती रोमन अक्षरांतच टंकावी लागतील, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विश्रामबाग, सांगली येथील एक वाचक लिहितात : माझा छायाचित्रांचा व्यवसाय आहे. लग्नसराईत दररोज शेकडो छायाचित्रांचा आकार लहान करावा लागतो. त्यासाठी मी वापरतो त्या प्रोग्रामचा सोर्स उतरवून घेतला, सीफ्लॅग्ज या चलात ‘-मार्च=नेटिव्ह’ एवढे लिहिले आणि नेहमीप्रमाणे ‘कॉन्फिगर’ व ‘मेक’ चालवून तो बांधला. माझ्याच प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्राम अधिक वेगाने चालेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वितरणाच्या) तयार पॅकेजपेक्षा पुष्कळच मंद निघाला. असे का व्हावे?

यात आपल्या प्रोसेसरचा दोष नाही आणि आपण लिहिलेल्या फ्लॅगचाही नाही. दोष आहे तो आपल्याकडून लिहायच्या राहून गेलेल्या फ्लॅगचा. ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेली ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालू झाली की सीफ्लॅग्ज हे चल आधीच ठरवलेले आहे का, हे ती पाहते. ते ठरवलेले नसेल आणि कंपायलर जीसीसी, म्हणजे जीएनू प्रकल्पाचा कंपायलर, असेल, तर ती स्वतःहून ‘-जी -ओ२’ असे दोन फ्लॅग घालते. पण ते आपण ठरवले असेल, मग त्यात काहीही असो, तर आपलेच म्हणणे अखेरचे मानून ती आपल्या बाजूने काहीही घालत नाही. आपण फक्त ‘-मार्च=नेटिव्ह’ लिहिल्यामुळे ‘-ओ२’ गळून पडला, आणि ‘-ओ’चा कोणताच स्तर न सांगितल्यास जीसीसी ‘-ओ०’ गृहीत धरतो, म्हणजे ऑप्टिमायझेशन जवळजवळ बंदच असते. नव्या प्रोसेसरच्या सूचना वापरण्याची मुभा कंपायलरला मिळाली खरी, परंतु कोड सुधारण्याचे कामच त्याला कोणी सांगितले नाही. ‘-ओ२ -पाइप -मार्च=नेटिव्ह’ असे लिहून पुन्हा बांधा. त्याआधी ‘मेक क्लीन’ करायला विसरू नका, कारण फ्लॅग बदलले एवढ्यावरून ‘मेक’ जुन्या ऑब्जेक्ट फाइली (आधीच कंपाइल झालेले तुकडे) टाकून देईलच असे नाही.

हाच नियम उलट बाजूनेही समजून घेण्यासारखा आहे. सीफ्लॅग्ज हे चल बांधणाऱ्याच्या मालकीचे आहे, अशी जीएनू प्रकल्पाची जुनी भूमिका आहे. प्रोग्राम नीट बांधला जाण्यासाठी जे फ्लॅग अपरिहार्य आहेत ते लेखकाने या चलात ठेवू नयेत, कारण ते चल वापरणारा मोकळेपणाने बदलणार, असे त्यांच्या लेखन-नियमांत स्पष्ट म्हटलेले आहे. ही मालकी मला फार मोलाची वाटते. परंतु ‘कॉन्फिगर’ आपले म्हणणे शब्दशः मानते, त्यामुळे ते पूर्ण सांगण्याची जबाबदारीही आपलीच राहते.

आपण डेबियन किंवा तिच्यापासून निघालेली डिस्ट्रो वापरत असाल तर मी याहून बरा मार्ग सुचवीन. सोर्स बाहेरून उतरवण्याऐवजी डिस्ट्रोचेच सोर्स-पॅकेज ‘एपीटी-गेट सोर्स’ने आणावे, ‘एपीटी-गेट बिल्ड-डेप’ने लागणारे साहित्य बसवावे, आणि फ्लॅग ठरवण्याचे काम ‘डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज’ या साधनाकडे सोपवावे. त्याच्यापाशी चार क्रिया आहेत : सेट, म्हणजे आधीचे सर्व पुसून नवे लिहिणे; अपेंड, म्हणजे शेवटी जोडणे; प्रीपेंड, म्हणजे सुरुवातीला जोडणे; आणि स्ट्रिप, म्हणजे नेमका एखादा फ्लॅग काढून टाकणे. आपल्या कामासाठी ‘डीईबी_सीफ्लॅग्ज_अपेंड’ या चलात ‘-मार्च=नेटिव्ह’ एवढे लिहिले की पुरे; ‘-ओ२’ आणि सुरक्षेचे सर्व फ्लॅग आपापल्या जागी राहतात. प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये असेल तर ‘सीएक्सएक्सफ्लॅग्ज’साठी हेच वेगळे करावे लागते, आणि हे विसरणारे पुष्कळ जण आहेत. ‘डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज --स्टेटस’ ही आज्ञा दिली की कोणता फ्लॅग कोठून आला हे ओळीओळीने दिसते. शेवटी ‘डीसीएच --लोकल’ने आवृत्तीला स्वतःची खूण जोडा, म्हणजे आपण बांधलेले पॅकेज आणि डिस्ट्रोचे पॅकेज यांची गल्लत होणार नाही.

वेग मोजताना मात्र एकदाच चालवून निष्कर्ष काढू नये. पहिल्या फेरीत छायाचित्रे डिस्कवरून येतात आणि दुसऱ्या फेरीत स्मृतीतून, एवढ्यानेच आकडे बदलतात. तीच शंभर छायाचित्रे पाच वेळा चालवा, पहिली फेरी सोडून द्या आणि उरलेल्यांचा मध्य पाहा. शिवाय आपला प्रोग्राम ज्या लायब्रऱ्यांवर उभा आहे त्यांत पुष्कळदा हाताने लिहिलेला असेंब्ली कोड असतो आणि तो प्रोसेसर पाहून चालू वेळी स्वतःच योग्य मार्ग निवडतो. तसे असेल तर फ्लॅग बरोबर देऊनही फरक थोडाच दिसेल.

कराड येथील एका महाविद्यालयातील प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारे वाचक विचारतात : आमच्याकडे एक नवा संगणक आहे आणि बाकीचे बरेच जुने आहेत. नव्या संगणकावर पॅकेज बांधून तेच इतरांवर बसवले असता काही ठिकाणी प्रोग्राम सुरू होताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश येऊन बंद पडतो. काही संगणकांवर मात्र तो व्यवस्थित चालतो. सर्वांवर एकच डिस्ट्रो, डेबियन, आहे.

हे पत्र वाचताच ‘-मार्च=नेटिव्ह’ची आठवण झाली, आणि आपण सोबत पाठवलेल्या फाइलीत तो दिसलाही. या फ्लॅगच्या नावात महिना नाही. ‘एम’ हे अक्षर प्रोसेसरशी निगडित पर्यायांच्या आधी लावतात आणि ‘आर्च’ म्हणजे आर्किटेक्चर. नेटिव्ह म्हटल्यावर, ज्या संगणकावर कंपायलर चालू आहे त्याच्या प्रोसेसरला येणाऱ्या सर्व सूचना तो बिनदिक्कत वापरतो. ज्या प्रोसेसरला त्यांतील एखादी सूचना येत नाही, तो तेथे पोहोचला की थांबतो आणि लिनक्स त्या प्रोग्रामला सिगइल नावाचा सिग्नल देऊन बंद करते. ती सूचना असलेला भाग चालवण्याची वेळ आली नाही, तर तोच प्रोग्राम तासन्‌तास चालेल आणि विद्यार्थ्याने एखादा विशिष्ट पर्याय निवडताच कोसळेल. त्यामुळे ‘आमच्या संगणकावर चालला’ या अनुभवावर येथे विसंबता येत नाही.

आपल्याला हवी आहे ती एक सामाईक पातळी. अशा पातळ्या २०२० मध्ये ठरवण्यात आल्या आणि जीसीसीच्या ११व्या आवृत्तीपासून त्या थेट फ्लॅगमध्ये लिहिता येतात. ‘एक्स८६-६४’ ही मूळ पातळी. ‘एक्स८६-६४-व्ही२’मध्ये एसएसई ४.२ पर्यंतच्या सूचना आणि पॉपकाउंट येतात. ‘व्ही३’मध्ये एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए आणि बीएमआय या सूचनांची भर पडते, आणि ‘व्ही४’मध्ये एव्हीएक्स-५१२च्या पाच गटांची. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्सने २०२२ मधील ९व्या आवृत्तीपासून व्ही२ आणि २०२५ मधील १०व्या आवृत्तीपासून व्ही३ ही किमान अट केली आहे. डेबियन मात्र अजूनही मूळ पातळीलाच बांधते, आणि म्हणूनच ती आपल्या सर्व संगणकांवर चालते.

प्रत्येक संगणक कोणत्या पातळीचा आहे हे शोधण्यासाठी ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीच्या २.३३ पासूनच्या आवृत्तीत सोपी सोय आहे : प्रोग्रामला त्याच्या लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या डायनॅमिक लोडरला, म्हणजे ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’ या फाइलीला, ‘--हेल्प’ हा पर्याय देऊन चालवले की शेवटी व्ही२, व्ही३, व्ही४ यांपैकी कोणत्या पातळ्या चालतात ते छापून येते. वयावरून अंदाज बांधू नका. इंटेलच्या कोअर मालिकेत एव्हीएक्स२ हे २०१३ च्या हॅसवेलपासून आले, पण पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकल्या गेलेल्या पुष्कळ प्रोसेसरांत त्यानंतरही अनेक वर्षे एव्हीएक्स बंदच होते. याच्या उलटही घडले आहे. इंटेलच्या डेस्कटॉपसाठीच्या ११व्या पिढीत एव्हीएक्स-५१२ होते आणि १२व्या पिढीत ते काढून घेण्यात आले. म्हणजे नवा संगणक जुन्याचे सर्व काही करू शकेल, हे गृहीतकसुद्धा येथे टिकत नाही.

सर्व संगणकांची यादी करून त्यांतील सर्वांत खालची पातळी घ्या आणि ‘-मार्च’ला ती द्या. याच्या जोडीला ‘-एमट्यून’ हा वेगळा फ्लॅग आहे. तो कोणतीही नवी सूचना वापरू देत नाही. आहे त्याच सूचनांची निवड आणि क्रम कोणत्या प्रोसेसरला सोयीचा पडेल एवढेच तो ठरवतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना एखाद्या गायकाचा स्वर मनात धरतो, परंतु तो तंबोरा दुसऱ्या कोणाच्या हाती दिला म्हणून मुका होत नाही. ‘-एमट्यून’चे स्वरूप तसे आहे, आणि म्हणून तो प्रयोगशाळेत निर्धास्तपणे वापरता येतो.

मोजक्या नव्या संगणकांना अधिक वेग द्यायचाच असेल तर लायब्ररी दोनदा बांधून वरच्या पातळीची प्रत लायब्रऱ्यांच्या निर्देशिकेतील ‘ग्लिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’ या उपनिर्देशिकेत, ‘एक्स८६-६४-व्ही३’ या नावाखाली ठेवता येते. लोडर ज्या संगणकाला जी प्रत झेपेल ती स्वतः निवडतो. ही सोय फक्त शेअर्ड, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या, लायब्रऱ्यांसाठी आहे, मुख्य प्रोग्रामसाठी नाही.

सातारा येथील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी लिहिते : कोयना परिसरातील पावसाच्या दैनंदिन नोंदींवर मी काम करते. ज्या दिवशी नोंद नाही तेथे ‘नॅन’ हे मूल्य, म्हणजे ‘ही संख्या नाही’ अशी खूण, ठेवलेले असते, आणि सरासरी काढताना ‘इझनॅन’ तपासून तो दिवस वगळला जातो. प्रोग्राम वेगाने चालावा म्हणून ‘-ओ२’ऐवजी ‘-ओफास्ट’ दिले तर सर्व सरासऱ्या ‘नॅन’ येऊ लागल्या. कंपायलरमध्ये चूक आहे का?

कंपायलरमध्ये चूक नाही. ‘-ओफास्ट’ लिहून आपण त्याला जे वचन दिले ते आपली माहिती पाळू शकत नाही. ‘-ओफास्ट’ म्हणजे ‘-ओ३’ आणि त्यासोबत ‘-एफफास्ट-मॅथ’, आणि या दुसऱ्याच्या पोटात ‘-एफफायनाइट-मॅथ-ओन्ली’ नावाचा आणखी एक फ्लॅग दडलेला असतो. त्याचा अर्थ असा, की या प्रोग्राममध्ये नॅन किंवा अनंत हे मूल्य कधीही येणार नाही याची हमी लेखक देत आहे. ती हमी खरी मानून जीसीसी ‘इझनॅन’चे उत्तर नेहमी ‘नाही’ असे धरतो आणि तपासणीच काढून टाकतो. तुमचे वगळलेले दिवस त्यामुळे बेरजेत शिरले. सरासरी ‘नॅन’ आली हे एका अर्थाने बरेच झाले, कारण चूक डोळ्यांना दिसली. नोंद नसल्याची खूण म्हणून मोठा ऋण आकडा ठेवलेला असता, तर हा घोटाळा झाला नसता. परंतु ‘-एफफास्ट-मॅथ’चे दुसरे परिणाम तसेच शांतपणे उत्तरात मिसळले असते.

त्यांतला मुख्य परिणाम म्हणजे बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा. कागदावर क्रम बदलल्याने बेरीज बदलत नाही, संगणकाच्या फ्लोटिंग-पॉइंट (दशांशचिन्ह असलेल्या संख्यांच्या) अंकगणितात मात्र बदलते. एकावर १६ शून्ये एवढ्या संख्येत १ मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा; दुहेरी अचूकतेत उत्तर ० येते, कारण तो १ मावतच नाही. आधी वजाबाकी करून मग १ मिळवला तर उत्तर १ येते. आयईईई ७५४ हे १९८५ मधील मानक क्रियांचे निकाल पक्के बांधून देते. क्रम लेखकाने लिहिला तसाच ठेवणे ही त्याच्या जोडीला कंपायलरने पाळावयाची शिस्त आहे, आणि ‘-एफफास्ट-मॅथ’ या दोन्ही गोष्टी सैल करतो. शोधनिबंधासाठी केलेल्या गणनेत हे मी कधीही स्वीकारणार नाही, आणि तुम्हीही स्वीकारू नये असे मनापासून वाटते.

आणखी एक परिणाम दुसऱ्यांनाही भोवतो. जीसीसीच्या १३व्या आवृत्तीपूर्वी, या फ्लॅगने जोडलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी अतिसूक्ष्म संख्यांना शून्य मानण्याची प्रोसेसरची कळ दाबली जात असे, आणि तिचा परिणाम त्या लायब्ररीशी संबंध नसलेल्या गणितावरही होई. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने तर १९व्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, ‘-ओफास्ट’ हा पर्यायच कालबाह्य ठरवला आहे.

तुमच्यासाठी सल्ला असा : ‘-ओ२’वर परत या आणि त्याला ‘-एफनो-मॅथ-एररनो’ जोडा. वर्गमूळासारख्या फलनांनी चूक झाल्यास ‘एररनो’ हे चुकीची नोंद ठेवणारे चल भरावे ही अट तेवढी तो काढतो, आणि ज्या प्रोग्राममध्ये ‘एररनो’ पाहिलेच जात नाही तेथे त्याने उत्तर बदलत नाही. मग हवे तर ‘-ओ३’ मोजून पाहा. ‘-ओ३’ उत्तरे बिघडवत नाही. तो लूप उलगडणे, फलने आत ओढणे असे उपाय अधिक सढळपणे करतो, त्यामुळे कोड फुगतो आणि कधी कधी प्रोसेसरच्या छोट्या कॅशमध्ये न मावल्याने मंदही होतो. जीसीसीच्या १२व्या आवृत्तीपासून ‘-ओ२’मध्येही काही प्रमाणात व्हेक्टरायझेशन होऊ लागल्यामुळे या दोन स्तरांतील अंतर पूर्वीपेक्षा कमी झाले आहे.

तासगाव येथील एक वाचक लिहितात : आमच्या बेदाण्याच्या शीतगृहात आवक-जावकीचा हिशेब ठेवणारा सी भाषेतील एक प्रोग्राम वडिलांच्या काळापासून आहे. डिस्ट्रो नवी केल्यापासून तो बांधता येत नाही. ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ अशा चुका दाखवून कंपायलर थांबतो. पूर्वी याच ठिकाणी केवळ सावधगिरीच्या सूचना (वॉर्निंग) येत होत्या. एखादा फ्लॅग देऊन काम भागेल का?

भागेल, पण तेवढ्यावर थांबू नका. घोषणा न करता फलन वापरण्याची सवलत सी भाषेच्या १९९९ च्या मानकातूनच काढून टाकण्यात आली होती. जीसीसी मात्र पुढे पाव शतक नुसती सूचना देत राहिला आणि २०२४ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीत त्याने ती चूक म्हणून धरायला सुरुवात केली. जुनी वागणूक परत आणण्यासाठी ‘-डब्ल्यूनो-एरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन’ हा फ्लॅग आहे, आणि अशा साऱ्याच नव्या चुकांना पुन्हा सूचनेच्या पातळीवर आणणारा ‘-एफपरमिसिव्ह’ही आहे.

यातील धोका जुन्या प्रोग्रामच्या बाबतीत खरा आहे. घोषणा नसलेले फलन पूर्णांक परत देते असे कंपायलर धरून चालतो, आणि पूर्णांक ३२ बिटांचा असतो. ते फलन प्रत्यक्षात पॉइंटर परत देत असेल तर ६४ बिटांच्या संगणकावर पत्त्याचा वरचा अर्धा भाग छाटला जातो. प्रोग्राम ३२ बिटांच्या काळात लिहिलेला असल्याने तेव्हा हे कधी जाणवले नसेल. आता मात्र एखाद्या दिवशी तो मधेच कोसळेल, किंवा भलत्याच जागेवरचे आकडे वाचील. म्हणून फ्लॅग देऊन आजचे काम चालवा आणि सूचनांची यादी समोर ठेवून एकेक हेडर फाइल (फलनांच्या घोषणा असलेली फाइल) जोडत जा. बहुतेक ठिकाणी ‘एसटीडीलिब’ किंवा ‘स्ट्रिंग’ या नावाचे हेडर राहून गेलेले असते, त्यामुळे हे काम वाटते तेवढे मोठे नाही.

पुढच्या टप्प्यावर दोन गोष्टी आड येतील. ‘मल्टिपल डेफिनिशन’ अशी तक्रार जोडणीच्या वेळी आली, तर तिचे मूळ जीसीसीच्या २०२० मधील १०व्या आवृत्तीत आहे. ‘एक्स्टर्न’ न लिहिता एकच जागतिक चल अनेक फाइलींत जाहीर करणे तेव्हापासून चालत नाही. ‘-एफकॉमन’ ही तात्पुरती वाट, आणि हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहिणे ही कायमची. २०२५ मधील १५व्या आवृत्तीपासून सीचे २०२३ चे मानक गृहीत धरले जाते, ज्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे आणि रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ असा होतो. जुन्या प्रोग्रामला ते मानवले नाही तर ‘-एसटीडी=जीएनयू१७’ द्यावे.

वाई येथील एक वाचक विचारतात : मी आर्च लिनक्स वापरतो. ‘मेकपीकेजी.कॉन्फ’मध्ये माझे फ्लॅग लिहिले आहेत, पण काही पॅकेजे ते मानत नाहीत असा संशय येतो. खात्री कशी करावी?

संशय आला की आधी कंपायलरपर्यंत प्रत्यक्षात काय पोहोचते ते डोळ्यांनी पाहावे. या विषयातील निम्मे कोडे तेथेच सुटते. ऑटोकॉन्फच्या प्रकल्पांत ‘मेक व्ही=१’, सीमेक या साधनाने तयार केलेल्या मेकफाइलींत ‘मेक व्हर्बोज=१’ आणि ‘मेक’च्या जागी निंजा हे साधन असेल तर ‘निंजा -व्ही’ दिले की प्रत्येक फाइलीसाठी दिलेली पूर्ण आज्ञा छापली जाते. तिच्यात ‘-ओ’चे दोन स्तर दिसले तर शेवटचा लागू होतो.

न मानण्याची कारणे तीन प्रकारची असतात. पीकेजीबिल्ड (आर्चमध्ये पॅकेज कसे बांधावे हे सांगणारी फाइल) लिहिणाऱ्याने ‘ऑप्शन्स’मध्ये ‘बिल्डफ्लॅग्ज’च्या आधी उद्गारचिन्ह लावलेले असेल, तर आपले फ्लॅग त्याने जाणूनबुजून बंद केले आहेत, त्याचे कारण समजल्याशिवाय ते काढू नये. दुसरे, हाताने लिहिलेल्या मेकफाइलीत ‘सीफ्लॅग्ज = -ओ२’ अशी ओळ असेल, तर ती वातावरणातील चलापेक्षा वरचढ ठरते. आज्ञेच्या ओळीवर ‘मेक सीफ्लॅग्ज=...’ असे लिहिले तर ते मेकफाइलीवर मात करते. पण तसे केल्यावर मेकफाइलीने त्याच चलात पुढे जोडलेले हेडरचे मार्गही रद्द होतात आणि बांधणी भलत्याच ठिकाणी अडते. अशा वेळी मेकफाइलीला छोटासा पॅच लावणे हाच सरळ उपाय. तिसरे कारण सीमेकचे आहे. तो वातावरणातील सीफ्लॅग्ज फक्त पहिल्या वेळी वाचतो आणि ‘रिलीज’ प्रकारात त्यांच्यामागे ‘-ओ३’ जोडतो. आर्चच्या पॅकेजांत ‘सीमेक_बिल्ड_टाइप’ला ‘नन’ देण्याची पद्धत आहे ती यासाठीच.

आपण पाठवलेल्या फाइलीबद्दल आणखी एक. आपण मूळ सीफ्लॅग्ज तसेच ठेवून शेवटी ‘-मार्च=नेटिव्ह’ जोडले आहे. ते योग्यच केले, पण मूळ ओळीत ‘-एमट्यून=जेनेरिक’ स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते तसेच राहते, कारण स्पष्ट सांगितलेला ‘-एमट्यून’ हा ‘-मार्च’मधून निघणाऱ्या अर्थापेक्षा वरचढ असतो. ‘-एमट्यून=नेटिव्ह’ हेही जोडा.

विटा येथील एक वाचक : आठ जीबी स्मृतीच्या संगणकावर मोठे सी प्लस प्लस पॅकेज बांधताना ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’ असे येऊन काम थांबते.

स्मृती संपल्यामुळे लिनक्सने कंपायलरलाच बंद केले. ‘-जे’पुढचा आकडा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या, कमी करा. प्रत्येक कामामागे सुमारे दोन जीबी धरावी, असा जेंटू या डिस्ट्रोच्या मार्गदर्शिकेतला सल्ला आहे. त्या हिशेबाने चार कामे होतात, पण बाकीच्या प्रोग्रामांसाठी थोडी स्मृती राखून आपण तीनपेक्षा वर जाऊ नये. निंजाला आकडा सांगितला नाही तर तो कोअरच्या संख्येहूनही थोडी अधिक कामे एकदम चालवतो, हे ध्यानात असू द्या. डेबियनमध्ये ‘डीईबी_बिल्ड_ऑप्शन्स’मध्ये ‘पॅरलल=३’ लिहावे. ‘-एफएलटीओ’ असेल तर तो काढून पाहा, कारण जोडणीच्या वेळी संपूर्ण प्रोग्राम एकत्र पाहण्यासाठी त्याला बरीच स्मृती लागते. डीबगची माहिती हवीच असेल तर ‘-जी’ऐवजी ‘-जी१’ चालेल. आणि बांधणी ‘/टीएमपी’मध्ये करत असाल तर ती जागा बदला : पुष्कळ डिस्ट्रोंत, आणि २०२५ मधील डेबियन १३ पासून तिच्यातही, ‘/टीएमपी’ स्मृतीतच असते.

मिरज येथील एक वाचक विचारतात : सुरक्षेसाठीचे फ्लॅग काढले तर वेग वाढेल ना? घरच्याच संगणकावर त्यांची गरज काय?

वाढेल तो इतका थोडा की बहुतेक प्रोग्रामांत मोजूनही हाती लागणार नाही. ‘-एफस्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग’ हा ज्या फलनांत ॲरे किंवा स्थानिक चलाचा पत्ता वापरलेला असतो तेवढ्यांतच पहारा बसवतो. ‘फॉर्टिफाय_सोर्स’ हा मजकुराची नक्कल करणाऱ्या फलनांना, जागेचा आकार कळतो तेथे, मर्यादा घालतो. त्यासाठी किमान ‘-ओ१’ लागतो, म्हणजे पहिल्या पत्रातल्यासारखा ‘-ओ२’ गळाला की हे संरक्षणही त्यासोबतच जाते. आणि घरचा संगणक म्हटला तरी त्यावरचा ब्राउझर, छायाचित्र उघडणारी लायब्ररी आणि पीडीएफ वाचक हे परक्यांनी पाठवलेल्या फाइलीच उघडत असतात.

याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या संगणकावरील बिल्डफ्लॅग्जच्या फाइलीत ‘अपेंड’च्या जागी ‘सेट’ लिहिले. पॅकेजे विनातक्रार बांधली जात होती, चालतही होती, आणि त्यांतील कोणत्याही पॅकेजात सुरक्षेचा ‘-एफ’ने सुरू होणारा एकही फ्लॅग उरलेला नव्हता, हे मला कित्येक महिन्यांनी समजले. तेव्हापासून मी प्रत्येक बांधणीत ‘-एफरेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस’ जोडतो. कंपायलरला मिळालेले फ्लॅग त्यामुळे तयार फाइलीतच ‘.जीसीसी.कमांड.लाइन’ या नावाच्या विभागात लिहून ठेवले जातात आणि ‘रीडएल्फ -पी’ने ते केव्हाही वाचता येतात. डेबियनवर ‘डेव्हस्क्रिप्ट्स’ या पॅकेजातील ‘हार्डनिंग-चेक’ तयार प्रोग्राम तपासून कोणते संरक्षण आहे आणि कोणते नाही ते सांगतो. आपण बांधलेल्या पॅकेजांवर तो आज चालवून पाहा आणि जेथे ‘नो’ येईल त्या ओळी मला कळवा. पुढील अंकात त्यांच्यापासूनच सुरुवात करू.